हिरव्या हौद्याची चकाकी

४ मार्च
फरशीवाल्याच्या पिकअपचा हौदा आतून रंगवून झाला. सासरेबुवांनी असा हिरवा चमकवलाय की वाकून बघितलं तर कपाळावरच्या आठ्या मोजाव्यात! आता त्यावर माझं लायनर — जाड, काळा, खरबरीत थर. फरश्या आपटल्या तरी पत्र्याला ओरखडा नाही. रंग त्यांचा, लायनर माझं, अशी आमच्या गॅरेजची वाटणी आहे. रंग फवारायची गन सुनेच्या हातात अजून एकदाही आलेली नाही. पण येणार. लिहून ठेवते!

५ मार्च
फरशीवाला सकाळीच हजर. आजच लायनर मारा म्हणतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी हौद्याच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख दाबलं — खूण उमटली. रंग वरून सुकलाय, आत ओलाच आहे. त्यावर लायनर मारलं की आतला थिनर कोंडणार आणि फोड येणार. सोमवारपर्यंत गाडी हलणार नाही, असं सांगून टाकलं.

तो सासरेबुवांकडे बघायला लागला. बाईमाणसाचं ऐकायचं म्हणजे मोठ्यांची सही हवी ना! ते म्हणाले, "ती म्हणते तर थांबा." मी चाटच पडले.

७ मार्च
नख दाबलं. अजून नाही.

१० मार्च
नख उठत नाही. रंग तयार!

आणि इथेच घोडं पेंड खातं. लायनरच्या आधी रंगाची चकाकी घासून मारावी लागते. गुळगुळीत रंगावर लायनर धरत नाही, काही महिन्यांत साल सुटावी तसं सुटून येतं. पॉलिशपेपर घेऊन हौद्यात चढले तर सासरेबुवा आडवे आले. नुसतं पुसून मार म्हणाले. म्हटलं, बाबा, ते धरणार नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. तर म्हणे, "माझ्या रंगाला कागद लावायचा नाही." आणि खुर्चीत जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या दोघांच्या मध्ये मी नाही. लग्न झाल्यापासून हे एकच वाक्य त्याला तोंडपाठ आहे.

उद्या घासणारच. फार तर अबोला धरतील. त्यांच्या अबोल्यावर मी संसार केलाय! सगळा अहंकार आहे हा. लायनरखाली गडप होणाऱ्या रंगाचं इतकं काय ते कौतुक?

११ मार्च
दुपारी ते जेवून आडवे झाले तेव्हा घासायला घेतलं. हौद्याच्या पुढच्या भिंतीवर कागद अडखळला. बघते तर ओघळ! त्याच्याशेजारी दुसरा. चाकाच्या उंचवट्यामागे तर रंग पोचलाच नव्हता, राखाडी प्रायमर तसाच उघडा. बाकीचं एवढं चमकत होतं की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सासरेबुवांच्या रंगात ओघळ! एका ओघळापायी गाडीचं अख्खं दार पुन्हा रंगवणारा माणूस हा. वाईट वाटलं मला. मग कोडं सुटलं — झाकलंच जाणार म्हणून कसातरी भराभर हात चालवला असणार. आणि घासलं की चोरी उघडी पडणार, म्हणून तो सगळा थयथयाट! हसूही आलं थोडं. चला, सासरेबुवासुद्धा माणूसच निघाले.

ओघळ घासून सपाट केले. प्रायमरवर लायनर छान धरतं, तिथे हलकासा कागद फिरवला. धूळ उडवली, पुसून घेतलं. नवऱ्यालाही बोलले नाही. म्हातारपणी माणसाला सुनेपुढे मान खाली घालायला लावू नये.

झोपून उठल्यावर ते आले. रागावतील म्हणून कंबर कसून उभी होते. ते हौद्याच्या कडेला टेकले आणि हळूच विचारलं, "काही सापडलं का?" म्हटलं, नाही, रंग छान बसलाय. मग ते चहा सांगायला गेले.

१२ मार्च
लायनर मारलं. पहिला हात उभा, दुसरा आडवा. कडेला लावलेली टेप लायनर ओलं असतानाच सोलून काढली, सुकल्यावर ओढली की कडेचे लचके निघतात. कड अशी सरळ आली की स्वतःचाच हात धरून शाबास म्हणावं! माझ्या हातात रंगाची गन द्यायला आता यांना अडचण ती काय?

१४ मार्च
फरशीवाल्याने बुटाची टाच घासून घासून पाहिली. दमला बिचारा, लायनर नाही दमलं. त्याच्या मेहुण्याची मोटार रंगवायला पाठवतो म्हणाला. बाबा नको म्हणाले. मी म्हटलं, पाठवा, मी बघते. बाबा काहीच बोलले नाहीत. म्हणजे होच!

१५ मार्च
रंगाची गन मिळाली. अशी नको होती. सकाळी बाबांनी ती स्वतः धुऊन, पुसून माझ्या हातात दिली. मी जिंकल्यासारखी हसले. ते म्हणाले, "ओघळ सापडले ना तुला? मला दिसत नाहीत गं आता. वर्षभर नुसते हौदेच घेतोय, वरून तुझं लायनर बसतं म्हणून."