ताइमालीच्या अलीकडे चेन उतरली

ह्वालिएन, शनिवार, जेवणानंतर

तीर्थरूप मावशीस,

शिन-रुंगचा वाकून नमस्कार. अकरा वर्षांनी पत्र लिहितो आहे, त्यामुळे अकराही वर्षांची ख्यालीखुशाली एकदमच विचारतो. तुझा रक्तदाब कसा आहे, काकांचा उजवा खांदा कसा आहे, मागच्या वादळात बागेचं किती गेलं, आणि तुमचा तो एका डोळ्याचा कुत्रा अजून आहे का? (नसेल तर मला वाईट वाटलं असं समज.) आमच्याकडे सगळं आहे तसंच आहे. मी अजून चांगह्वालाच असतो आणि अजून कवळ्याच बनवतो. बायको आणि मुलगी मजेत आहेत. या सहलीला आल्या नाहीत म्हणून जरा जास्तच मजेत आहेत.

बुधवारी दुपारी तुझ्या दारावरून एक मोठी काळी मोटरसायकल गेली. तिच्यावर पुढे मी होतो आणि मागे आई होती. आम्ही थांबलो नाही, हे तुला एव्हाना कळलंच असेल, कारण तुमच्या ताइमालीच्या अलीकडे तीन किलोमीटरवर रस्त्याकडेला सीताफळं विकणारी आ-मान पाच मिनिटं गप्प बसली तर तिला धाप लागते, हे मी दोन तासांत ओळखलं. ती सांगेल त्यातलं निम्मं खरं धर. उरलेलं निम्मं मी लिहितो.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. लग्नाच्या वर्षी बाबांनी आईला कबूल केलं होतं की स्कूटरवरून अख्ख्या बेटाला फेरी मारून आणतो. निघालेही. जेमतेम जायी शहरापर्यंत पोचले, पाऊस लागला, दोघांनी टर्कीभात खाल्ला आणि घरी परत आले. त्यानंतर बाबा बेचाळीस वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले आणि मग गेले. या वसंतात आई एक दिवस माझ्या कामाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा जायचं. ट्रेनने नाही." मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच संध्याकाळी तिच्या मापाचं हेल्मेट आणलं. प्रवासाला अशुभ असलेला भूतमहिना संपला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो.

आता गाडीबद्दल. गाडी लांबच्या प्रवासाची आहे, वजन दोनशे अठ्ठावन्न किलो, त्यात बाजूच्या दोन पेट्या आणि आई धरलेली नाही. दिसायला राजबिंडी. फक्त तिला डबल स्टँड नाही, नुसता साइड स्टँड आहे. डबल स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. दुकानदाराने विचारलं होतं, डबल स्टँड बसवू की थंडीत हँडल गरम ठेवणारं यंत्र? आणि मी, जो चांगह्वाच्या उकाड्यात जन्मलो, वाढलो आणि घामोळ्यांनी बारमाही भरलेला असतो, म्हटलं, हँडल. (का म्हटलं, ते विचारू नकोस. बायको अजून विचारते.)

बुधवारी चिनलुन गाव ओलांडलं, उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, आणि गाडीचा आवाज एकदम मोठा झाला पण वेग काही वाढेना. मागच्या चाकाची चेन दातेरी चक्रावरून उतरली होती. गाडी आपल्या आपण घरंगळत गेली आणि नेमकी आ-मानच्या ताडपत्रीपुढे थांबली. आई उतरली, हेल्मेट काढलं, आ-मानला म्हणाली, "बसायला काही आहे का?" आणि फळांच्या पालथ्या खोक्यावर अशी बसली जणू आमचं इथेच यायचं ठरलेलं होतं.

चेन परत चढवायची म्हणजे मागचा मोठा नट सैल करायचा, चाक पुढे ढकलायचं, चेन बसवायची, चाक मागे ओढून सरळ करायचं आणि नट आवळायचा. काम अर्ध्या तासाचं. पण त्यासाठी चाक जमिनीवरून दोन बोटं उचललेलं पाहिजे. डबल स्टँड असता तर एक पाय दाबला की झालं असतं. नव्हता, म्हणून मी रस्त्याकडेला उभा राहून गाडीकडे बघत होतो आणि गाडी साइड स्टँडवर कलून माझ्याकडे बघत होती.

एवढ्यात भाजीची जुडी घेऊन एक आजीबाई स्कूटरवरून आल्या. सगळा प्रकार पाहिला. आईला विचारलं, "इतकी मोठी गाडी, आणि उभी राहता येत नाही तिला?" आई म्हणाली, "दिसायला चांगली आहे." मग आजीबाईंनी त्यांची ती गंजकी स्कूटर एका पायाने डबल स्टँडवर चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. मला रीत समजावी म्हणून. आणि निघून गेल्या. (आपल्याकडे पोस्टमनच्या गाडीला असतो, दूधवाल्याच्या गाडीला असतो. हे ज्ञान त्या दोन तासांत मला सात जणांनी दिलं.)

पहिला प्रयत्न मी एकट्याने केला. मी एका माणसाची चित्रफीत पाहिली होती. तो गाडी साइड स्टँडच्या बाजूला आपल्याकडे ओढतो, मागचं चाक अलगद उचललं जातं, आणि तो पायाने खाली काहीतरी सरकवतो. मी ओढली. चाक खरंच उचललं गेलं. पायाने मी बाजूची पेटी सरकवली. पेटीने गाडीचा भार एखाद्या सुशिक्षित माणसासारखा दोन क्षण विचारपूर्वक पेलला आणि मग ती बसली. आत अननसाचे केक होते. (ते कुणासाठी घेतले होते ते आईने सांगितलं नव्हतं. चांगह्वाच्या जुन्या दुकानातले, कमी गोडाचे. घरात कमी गोडाचे कुणीच खात नाही.)

दुसरा प्रयत्न फळांच्या खोक्यांचा. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की आ-मानकडे आता तीन खोकी कमी आहेत.

तिसऱ्या वेळी कुलेले आला. इथलाच, पाइवान या आदिवासी जमातीतला माणूस, पन्नाशीचा, निळा छोटा ट्रक, तोंडात सुपारी. त्याने काही न विचारता ट्रकचा जॅक काढला. जॅक सपाट लोखंडासाठी असतो, आणि माझ्या गाडीच्या पोटाखाली सगळं गोल. तरी त्याने लावला, चार वळसे दिले, चाक उचललं, मी आनंदाने पाना उचलला, आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरात साइड स्टँड लोण्यात सुरी जावी तसा शिरला. गाडी पडली असं म्हणता येणार नाही. ती फार सावकाश, समजून उमजून आडवी झाली. आम्ही तिघे तिला धरून होतो ते फक्त सोबत म्हणून. आई खोक्यावरून म्हणाली, "जरा पडू दे तिला. दमली असेल."

आईबद्दल थोडं लिहितो, कारण तू तिला अकरा वर्षांत पाहिलेलं नाहीस. केस सगळे पांढरे झालेत. ठिकाणाहून हलली नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायचं तिचं कसब कायम आहे. एका हातात सीताफळ, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमच्यानेच आम्हाला दिशा दाखवत होती. मधूनमधून आ-मानला सांगत होती की मुलगा माणसांचे दात केसभरही इकडेतिकडे न होता बसवतो, चाकाचं तेवढं जमत नाही. सीताफळांची मात्र तिने मनापासून स्तुती केली. म्हणाली, असं फळ खूप वर्षांत खाल्लं नाही, बी सुटसुटीत आहे, गर दाणेदार आहे, कुणीतरी निगुतीने वाढवलंय. चार संपवली होती. पाचवं हातात होतं.

गाडी आम्ही पुन्हा उभी केली. आ-मान कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हे बघा, उगाच जीव काढू नका. पुढे तीन किलोमीटरवर युए-श्या ताई आहेत. तुम्ही खाताय ती त्यांच्याच बागेतली फळं. त्यांच्या यजमानांकडे ट्रॅक्टर उचलायचा जॅक आहे, सपाट पाट्याचा. फोन लावू?"

मी पाना धरून आईकडे बघत राहिलो. आईचा चमचा थांबला. मग ती म्हणाली, "नको. लोकांना कशाला त्रास." ('लोकांना' हा शब्द तुझ्यासाठी होता. मी तो गाळणार होतो, पण आ-मानने तुला सांगितलाच असेल.)

"त्रास कसला," आ-मान म्हणाली, "बाई सोन्यासारखी आहे. फक्त कुणाच्या लग्नाला जात नाही. आमच्या पोरीच्या लग्नालाही आली नाही. आहेराचं पाकीट पाठवलं, पाटी भरून फळं पाठवली, पण आली नाही. का कोण जाणे."

आईला खोकला आला. पाणी दिलं तर नको म्हणाली. हातात अर्धं उरलेलं सीताफळ तिने खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. तुला माहीत आहे, तिने आयुष्यात कधी अन्न टाकलेलं नाही. ती ते एकेक बी काढत, कुणाकडेही न बघता, शेवटपर्यंत खात राहिली. आणि मग आ-मानला हळूच म्हणाली, "अजून एक दे."

सहावं खाताना तिची नजर वर गेली. आ-मानची ताडपत्री एका कोपऱ्यात बेळक्यावर पेललेली होती, फळांनी लवलेल्या फांदीला लावतात तसल्या दोन फाट्यांच्या सोट्यावर. आई म्हणाली, "कुलेले, ते बेळकं काढ. गाडीला लाव."

"ताडपत्री पडेल, आजी."

"तू आहेस ना उंच."

आ-मान म्हणाली, काप खुशाल, दुसरं मिळेल. कुलेलेने कोयत्याने बेळकं कमरेएवढं केलं. आईने आ-मानकडून बिस्किटांच्या डब्याचं झाकण मागितलं आणि ते साइड स्टँडखाली घालायला लावलं, म्हणजे तो डांबरात रुतायचा नाही. स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून पुढचा ब्रेक हँडलला घट्ट बांधायला दिला, म्हणजे गाडी पुढे सरकायची नाही. मग मी आणि कुलेलेने गाडी आमच्याकडे ओढली, चाक उचललं, आणि आ-मानने पलीकडून बेळकं लावलं, आई बसताना ज्या कडीला धरते त्या कडीखाली. आम्ही एकेक बोट सोडत हात काढले. गाडी उभी राहिली. पुढचं चाक, साइड स्टँड, बेळकं, तीन पायांवर, हलेना की डुलेना. मागचं चाक हवेत दोन बोटं. मी हाताने फिरवून पाहिलं. फिरलं.

कुलेले जाऊन ताडपत्रीखाली खांबासारखा उभा राहिला. मी रस्त्यावर मांडी घालून चेन चढवायला घेतली. आई माझ्या डोक्यावर सावली धरून उभी होती. आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आमचे आबा लोंगनच्या फळझाडाला असंच लावायचे. आबा बेळकं लावायचे आणि फांदी आम्ही दोघी वर धरायचो. तिचा हात पुरायचा नाही, मग ती माझ्या पायांवर उभी राहायची." मी वर पाहिलं नाही. अकरा वर्षांत 'दोघी' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. तिलाही ऐकू आला असावा, कारण लगेच म्हणाली, "पाना नीट धर. लक्ष कुठे आहे तुझं?"

अर्ध्या तासात काम झालं. शेवटी नट आवळायला कुलेले पान्यावर उभा राहिला, आणि ताडपत्री तेवढ्यापुरती आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर आली. त्याने काही घेतलं नाही. दातांची वेळ आली की चांगह्वाला येईन म्हणाला. त्याच्या सुपारीकडे बघता फार वाट बघावी लागणार नाही.

मग तुझं घर आलं. मी वेग कमी केला, इतका की मागच्या बसने हॉर्न दिला. तुझं फाटक निळं केलंयस. काका शिडीवर होते, पाठमोरे. तू दिसली नाहीस. आई ठरवून समुद्राकडे तोंड करून बसली होती. समुद्र तिला आवडत नाही. फाटक मागे पडल्यावर मी आरशात पाहिलं, तर ती मान वळवून मागे बघत होती, पुढच्या वळणापर्यंत. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण आईच्या मर्जीविरुद्ध थांबण्याचं धाडस पंचेचाळिसाव्या वर्षीही माझ्यात नाही. म्हणून हे पत्र.

काकांना नमस्कार सांग. वेडंवाकडं लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझा,
थू शिन-रुंग

ता. क. चेन आपोआप सैल झाली असं आईला आणि आ-मानला वाटतं. निघायच्या आदल्या दिवशी मीच ती ताणली होती आणि नट आवळायचा विसरलो. हे तुझ्यापाशीच ठेव.

ता. क. दुसरा. सांगायचं खरं हेच होतं, वर धीर झाला नाही. माझ्या लग्नात आईने तुमच्या घरच्यांना दोन नंबरच्या टेबलावर बसवलं होतं, आपल्या टेबलाच्या अगदी शेजारी. आयत्या वेळी माझे साहेब सहा जास्तीची माणसं घेऊन आले, आणि मी नावांच्या चिठ्ठ्या उचलून तुम्हाला शौचालयाच्या दाराजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं. तू मासा वाढायच्या आत उठून गेलीस. आईला सगळं कळलं ते त्यानंतर. तिने मला एवढंच सांगितलं, "नव्या सुनेसमोर तुझी लाज जायला नको, माझ्याच माथी राहू दे." मी राहू दिलं. अकरा वर्षं. मावशी, रागवायचं असेल तर माझ्यावर रागव.

ता. क. तिसरा. आई आत्ता उठली आणि कुणाला लिहितोयस म्हणाली. मी म्हटलं, गाडीच्या विमा कंपनीला. तिने पत्राच्या जाडीकडे पाहिलं. मग गुडघा चोळत म्हणाली, "त्यांना लिही, गुडघ्याचं ऑपरेशन बावीस तारखेला आहे, सकाळी आठला. चांगह्वाचं मोठं हॉस्पिटल, तिसरा मजला. आणि लिही, की माणूस बरोबर लागतं म्हणालेत डॉक्टर. सूनबाईला रजा नाही."

सूनबाईला रजा आहे.