बाही सोडायची नाही

सर, परवा स्टेडियममध्ये माइकवरून आपलं नाव घेतलं. "वाडीचा ज्यूडो क्लास, सुवर्णपदक!" निवेदकानं ते एकदाच सांगितलं, पण मी अशी ओरडले की शेजारच्या बाई दचकून सरकून बसल्या. बसू द्या! तुम्ही असतात तर उगाच चष्मा पुसत म्हणाला असतात, "काहून बोंबलून राहिली वं?" बोंबलणारच. तुमच्या हयातीत या नावावर एक सोनं आलं नव्हतं.

येणार तरी कसं? पोरगं जरा तयार झालं की तुम्हीच त्याला मोठ्या क्लासमध्ये धाडायचात. तिकडे खऱ्या गाद्या. आपल्याकडे ट्रान्सपोर्टच्या गोदामात कुटार, म्हणजे भुसा, भरलेली पोती आणि वर ट्रकची जुनी ताडपत्री. एकदा पडलं की रात्रभर अंग खाजवत बसायचं. पोरं जिंकायची आणि पदक लागायचं तिकडच्या नावावर. माल उतरवणारे तुम्हाला चिडवायचे, "मास्तर, झाड तुमी लावता अन् आंबे दुसरेच नेऊन राहिले." तुम्ही हसायचात आणि पुढच्या पोराला पडायला शिकवायचात.

माझा पहिला विजय मी विसरलेले नाही, कारण त्या दिवशी तुम्ही माझी बिनपाण्यानं केलीत. माझ्याहून दांडग्या पोराला मी उचलून आपटलं आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागले. वाटलं, आता शाबासकी. तुम्ही मात्र गरजलात, "नाचते काय? बाही कोनाच्या भरोशावर सोडली? तो तुह्या हातात आपलं अंग देते, तवा तू शिकते. फेकाचं हाय, फेकून द्याचं नाही!" ज्याला फेकतो त्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही, हे मला त्या पोराच्या टेंगळानं कळलं. आता मी हेच पोरांना सांगते, तुमच्याच आवाजात, आणि तीही माझ्यासारखीच तोंड पाडून ऐकतात.

मग माझी पाळी आली. शहरातल्या मोठ्या क्लासनं बोलावलं आणि तुम्हीच म्हणालात, जा. शेवटच्या दिवशी मी गोदामाच्या दारात उभी आहे. कसंबसं म्हणते, "सर, मी जाऊन राहिली." आणि भोकाड पसरते. तुम्ही मोठ्यानं हसता. "जाऊन राहिली म्हणते! अवं, आपल्या बोलीत जाणाराही राहूनच जाते. पुण्याचे लोक नुसतेच जातात." मी रडता रडता फसकन हसते. मग तुम्ही अंगातलं ज्यूडोचं जॅकेट काढून माझ्या खांद्यावर टाकता. त्याच्या उजव्या बाहीवर ठिगळावर ठिगळ, कारण सगळ्या क्लासनं तीच तर धरलेली. त्यातलं एक ठिगळ माझ्या आईनं आमच्या मागावरच्या उरलेल्या कापडाचं लावलेलं होतं.

तुम्ही गेल्यावर गोदामाला कुलूप लागलं. ते मी येऊन उघडलं. लोक याला निष्ठा म्हणतात. तुम्ही तो शब्द कधी उच्चारला नाहीत, आणि मलाही तो हारतुऱ्यांच्या सभेतला वाटतो. मला तिथली खाज आठवत होती, दुसरं काय!

तर परवाचं सांगते. माझी एक पोरगी आहे, ट्रक ड्रायव्हरची लेक, महा हट्टी. तिला बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या केंद्राचं बोलावणं आलं, ही स्पर्धाही त्यांच्याच नावानं खेळ म्हणाले. मी तुमच्यासारखीच म्हणाले, जा. तर माझ्यावरच डोळे वटारले. "आधी वाडीचं सोनं, मंग जाईन. मले धक्के मारून काहून काढून राहिल्या, मॅडम?" फायनलला ती मागे होती, वेळ संपत आलेली, समोरची ताकदीनं भारी. आणि सर, तिनं फेक घातली! समोरची हवेत वेडीवाकडी फिरली, मानेवर येणार असं वाटलं, पण हिनं बाही सोडली नाही. ओढीनं स्वतः गुडघ्यावर आली, तरी नाही. ती मुलगी पाठीवर सपाट, सुखरूप पडली आणि पंचांचा हात वर गेला. पूर्ण गुण! त्या मुलीचे कोच येऊन विचारू लागले, असं धरायला कोणी शिकवलं? आमची पोरगी छाती काढून म्हणाली, "आमच्या मोठ्या सरांनी." तुम्हाला तिनं कधी पाहिलंही नाही हो.

काल ती दारात आली, तुमच्याच दारात. "मॅडम, मी जाऊन राहिली." मी मोठ्यानं हसले आणि तुमचं पुण्याचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. तीही फसकन हसली. हसताना माझ्या पोटात जे तुटलं, ते तुमच्याही तुटत असणार. मला तेव्हा वाटलं होतं, सरांना काहीच वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या जॅकेटच्या घडीत राहील. ते जॅकेट काल तिला द्यायला म्हणून काढलं होतं. हातात घेतलं, आईचं ठिगळ चाचपलं आणि परत पेटीत ठेवून दिलं. तिला नवं घेऊन दिलं. ही एक बाही काही मला सोडवत नाही, सर.