कूलरपुढची हवा

८ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. मी रोह्याच्या सरकारी ऑफिसात, राहायला जवळच वरसे गावात खोलीवर, बायको शांती पेणला. भेट रविवारी. पंधरा वर्षं हेच. पेणच्या ऑफिसात जूनमध्ये एक जागा रिकामी होतेय. ती माझी. संकल्प: गप्प बसून काम.

शांतीने वर्षभराच्या मिरच्या वाळवायला सोबत दिल्यात. पेणला आमच्या गच्चीवर खालच्या मूर्तिकाराचे गणपती वाळतायत, पाय ठेवायला जागा नाही. वरसेच्या खोलीत ऊन नाही. ऑफिसच्या सज्जात, कूलरच्या पाठीमागे झकास ऊन. तिथे पसरल्या.

१० एप्रिल
अख्खं ऑफिस शिंकतंय. विमलताई, पेणजवळच्या गडब गावच्या, टेबल कूलरसमोर, त्या तर थांबेचनात. मी निदान केलं: इमारतीची हवा खराब. साहेब म्हणाले, व्हय, असंल. या लोकांना काही सुचत नाही.

११ एप्रिल, दुपार
डबा खाऊन मिरच्यांची देठं खुडली. मग डोळे चोळले. भयंकर आग. हवेचा आणखी एक पुरावा.

कल्पना: अशा हवेत प्रकृती टिकत नाही, सबब पेणला बदली. गप्प बसण्याचा संकल्प रद्द.

१५ एप्रिल
ढगाळ. मिरच्या कपाटात. कुणी शिंकलं नाही. पलीकडच्या केमिकल कंपनीची शिफ्ट बंद असणार.

१९ एप्रिल
अलिबागला जिल्हा ऑफिसात तक्रार धाडली, सोबत माझा बदलीचा अर्ज. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? म्हटलं, विमलताई. त्यांना टेबल कूलरच्या आणखी जवळ घ्यायला लावलं. मुकाट्याने घेतलं. भली बाई.

२४ एप्रिल
अलिबागहून डॉक्टरीणबाई आल्या. कूलर फुल सोडला. शिंकांपुढे विमलताईंना बोलता येईना. मग मीच बोललो, लांब दाराशी उभा राहून, खणखणीत. बाईंनी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय त्रास? मी म्हटलं, मला काय होणार? मी या लोकांसाठी लढतोय. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. छाप पडली.

शांतीला फोन केला. सांगितलं, जूनपासून रोज संध्याकाळी घरी. म्हणाली, खरंच ना? आणि मिरच्या आणा, मसाला कुटायच्या डंखावर गर्दी वाढलीये.

३० एप्रिल
ऑर्डर नाही. टपालवाला दिसला की उठतो, बसतो. चहा जात नाही. खोलीतलं सामान बांधून ठेवलं, मग दाढीचं सामान पुन्हा काढलं. उगाच घाई नको.

४ मे
ऑर्डर आली. प्रकृतीच्या कारणास्तव पेणला बदली: विमलताई. खाली माझ्याबद्दल एक ओळ. यांना इथली हवा मानवते, इथेच ठेवावे.

फार वाईट वाटलं. शांतीला काय सांगू?

संध्याकाळी विमलताई पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमचे उपकार झाले हो. मिरच्या कडक वाळल्या असतील आता. पहिल्या दिवसापासून बघतेय, रंग छान धरलाय. द्या माझ्याकडे, उद्या नवं ऑफिस बघायला पेणला जातेच आहे, वहिनींना पोचवते.

दिल्या. मिरच्या उद्या घरी पोचतील. मी रविवारी.