झेफेरिनोचा उजवा गुडघा आणि माझं घर

मी एर्मेलिंदा काशादा, वय चोपन्न, लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही, काम फुटबॉल क्लबचे कपडे धुण्याचं, राहणार आफुरादा, दोरो नदीच्या दक्षिण काठावर. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि मागे उभं राहून कुणी लिहायला लावत नाहीये. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाला, "घाबरू नका." मी म्हटलं, "घाबरत नाही, किती वेळ लागेल ते सांगा." जगले तर हा कागद पेटीत पडून राहील. मेले तर यात लिहिलंय तसंच करायचं, वाद घालत बसायचं नाही. शाळा चार इयत्ता झाली आहे, तेव्हा अक्षरावरून कुणी बोलू नये.

कलम १. खाली एक खोली, वर दोन, असं माझं घर माझा धाकटा भाऊ झेफेरिनो याला द्यावं. घर माझ्या नावावर असलं तरी आलं त्याच्या पायांतून, फुटबॉलच्या पैशातून. डोंगराकडच्या क्लबात तिसऱ्या वर्षी त्याला चांगला करार मिळाला तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी आज इथे, उद्या तिथे. तुझ्या नावावर घे, निदान एक जण घरी सापडेल." पण घर घेण्याआधी त्याने कलम ५ वाचायचं. माझी एक चूक एकोणीस वर्षं दुसऱ्या माणसाच्या नावावर पडून आहे. ती आधी तिथून उचलायची, मग घराचं बघू.

कलम २. सार्वजनिक धुणीघाटावरची माझी जागा, नळापासून दुसरी, शेजारी धुणाऱ्या ग्रासिंदाने घ्यावी. जागा कुणाच्या मालकीची नाही हे मला माहीत आहे. पण तीस वर्षं तिथे मी उभी राहते आणि तीस वर्षं ग्रासिंदा म्हणते, "बाई, तुझ्या बुडाखाली काय सोनं पुरलंय का?" आता स्वतः उभी राहून बघ. पाणी तिथेच जास्त गार येतं. कपडे वाळत घालायचे माझे सहा बांबू पण तिलाच. माझ्या साबणाला मात्र तिने हात लावू नये, तिने माझे दोन साबण आधीच नेलेत.

कलम ३. पलंगाखालच्या पेटीत झेफेरिनोचे नऊ शर्ट आहेत. नीट घडी घातलेले, कापूर टाकलेला. त्यांचं काय करायचं ते एकेक सांगते, म्हणजे गोंधळ नको.

पहिला आपल्या क्लबचा, निळा, तो आठ वर्षांचा असतानाचा. आई गेली तेव्हा झेफेरिनो चार वर्षांचा होता आणि बाप कायम समुद्रावर. मी याला घाटावर घेऊन जायची आणि हा भिंतीवर चेंडू आपटत बसायचा. बायका ओरडायच्या, "एर्मेलिंदा, तुझ्या पोराला आवर, धुतलेल्या चादरी मळवतो!" मी म्हणायची, "पोरगा नाही, भाऊ आहे, आणि चादर तुझी आधीच मळकी होती." हा शर्ट माझ्यासोबत पुरा.

दुसरा देशाच्या एकवीस वर्षांखालच्या संघाचा. एकच सामना, शेवटची अकरा मिनिटं. हा त्याच्याकडेच राहू दे. तिसरा डोंगराकडच्या क्लबचा, चौथा मदेइरा बेटावरचा, तिथे तो दोन वर्षं होता आणि लग्न मोडून आला. त्या शर्टाचं फडकं करा. पाचवा सायप्रसचा. तिथल्या उन्हाबद्दल फोनवर म्हणायचा, "ताई, इथे कपडे वाळायला घालावेच लागत नाहीत, अंगावरच वाळतात." सहावा रुमेनियाचा. तिथे बर्फात खेळला आणि त्या हंगामात चौदा गोल केले, त्याच्या सगळ्या वर्षांत जास्तीत जास्त. उरलेले तीन खालच्या विभागातले. त्यातले दोन क्लब आता राहिलेच नाहीत. शेवटचा सामना छत्तिसाव्या वर्षी, पावसात, बघायला दोनशे माणसंसुद्धा नव्हती. मी होते. तिसरा, पाचवा आणि पुढचे सगळे त्याने हवे तर ठेवावेत, नकोत तर क्लबच्या भिंतीवर लावावेत. काचेत लावा, खिळे मारू नका.

कलम ४. बँकेत जे आहे त्यातून मला पुरावं. चांगली पेटी नको, साधी बघा. उरेल ते संत पेद्रोच्या जत्रेला.

कलम ५. आता मुद्द्याचं.

सन दोन हजार, ईस्टरच्या आधीच्या उपासांचे दिवस. झेफेरिनो एकोणीसचा. एका मोठ्या क्लबने त्याला घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. नाव लिहीत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. त्याने कुणाला सांगितलं नाही, फक्त कोच बाल्तासारला सांगितलं. कोचला आमच्याकडे मिस्टर म्हणतात, मीही तसंच लिहिते. मिस्टर म्हणाले, हंगाम संपेपर्यंत जपून खेळ, मग बघू.

मला त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मी त्याची चड्डी धुते. पडणारा खेळाडू दोन्ही बाजूंनी मळतो. याच्या चड्डीला पाच आठवडे फक्त डाव्या बाजूला चिखल आणि गवत, उजवी बाजू कोरी. उजव्या मोज्याचं इलॅस्टिक वरून सैल झालेलं, म्हणजे आत पट्टी. बाकीच्यांचंही मला असंच कळतं, कोण पळाला आणि कोण नुसता उभा राहिला. पण मी मुकाट धुते.

त्या दिवशी मुकाट राहिले नाही. मोठ्या क्लबचा माणूस घाटावर आला. चांगला कोट, चांगले बूट, पाण्यात उभा. म्हणाला, "बाई, तुम्ही त्याच्या बहीण ना? मुलगा तब्येतीने कसा आहे?" मी म्हटलं, "बाकी सगळा चांगला आहे, उजवा गुडघा दुखतोय, तुमच्या डॉक्टरला आधी तो दाखवा." आणि चड्डी पिळता पिळता उलगडून दाखवली.

का सांगितलं? आमच्यात होडी विकताना घेणाऱ्याला आधी भोक दाखवतात. माझ्या बापाने तसंच केलं, त्याच्या बापाने पण. भोक लपवून विकली आणि माणूस बुडाला तर तोंड कुठे लपवणार? आणि भोक दाखवलं की घेणारा डांबर लावून घेतो, होडी टाकून जात नाही. मला वाटलं, एवढा मोठा क्लब, एवढे डॉक्टर, दुरुस्त करून घेतील. फुटबॉलवाले होडी घेत नाहीत हे मला समजलं नाही.

त्यांच्या डॉक्टरने तीन वेळा गुडघा वाकवायला लावला आणि घरी पाठवलं.

झेफेरिनो सरळ कॅफेत गेला आणि सगळ्यांसमोर मिस्टरांना म्हणाला, "दोघांनाच माहीत होतं. तुम्हाला आणि मला. मी सांगितलं नाही." मिस्टरांनी कॉफी संपवली आणि उठून गेले. त्या उन्हाळ्यात त्यांनी कोचचं काम सोडलं. तेव्हापासून जाळी दुरुस्त करतात. झेफेरिनो त्यांच्याशी एकोणीस वर्षं बोललेला नाही.

मी त्या दिवशी कॅफेत नव्हते, पण संध्याकाळी मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. मग तो डोंगराकडे गेला आणि मी म्हटलं, आता कशाला. असं म्हणत म्हणत एकोणीस वर्षं झाली. सांगणारी मी होते. बाल्तासार नव्हे. हे या कागदाने जाहीर करते.

कलम ६. नोटरी म्हणाला दोन साक्षीदार हवेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मला मिस्टरांना काही द्यायचं नव्हतंच, फक्त घेतलेलं परत करायचं होतं, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावलं. शुक्रवारी आले. मी म्हटलं, "सही करायच्या आधी पाचवं वाचा." चष्मा लावून वाचलं. दोनदा.

"अगं, हे मला माहीत आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मी सांगितलं नाही, त्याने सांगितलं नाही. मग त्याची चड्डी कोण धूत होतं, मी?"

मला असा राग आला. "मग बोलला का नाहीत मिस्टर? मी एवढी वर्षं तुमच्यासमोरून खाली मान घालून जाते!"

"त्याला आई नाही, बाप समुद्रावर. बहिणीशी पण फाटलं असतं तर सुट्टीत कुणाच्या घरी आला असता? कोच काय, दुसरा मिळतो." मग पेन खाली ठेवलं. "पण सही आत्ता नाही करणार. मेल्यावर वाचायला ठेवणार असशील तर अजिबात नाही. तू मेल्यावर तो ओरडणार कुणावर? परत माझ्यावरच."

 

कलम ७. म्हणून रविवारी झेफेरिनो जेवायला आला तेव्हा मासा वाढायच्या आधी कलम ५ मोठ्याने वाचलं. आधी वाढलं असतं तर मला वाचायचं धाडस झालं नसतं.

तो म्हणाला, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"ताई, मी होडी होतो का गं?"

"नव्हतास. मला तेवढंच कळत होतं."

"सतरा वर्षं खेळलो त्या गुडघ्यावर. सतरा!"

"माहीत आहे. शर्ट मीच धुतलेत."

"आणि मी त्या माणसाला गावासमोर..." माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. टोपी घेतली आणि गेला. मासा तसाच राहिला, मी पण खाल्ला नाही.

कलम ८. आज सोमवार. सकाळी घाटावर होते. समोरच्या भिंतीला टेकून मिस्टर जाळं विणत बसले होते. झेफेरिनो आला आणि त्यांच्यापुढे उभा राहिला. घाटावरच्या बायकांनी हात थांबवले, ग्रासिंदानेसुद्धा. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मिस्टरांचं ऐकू आलं, त्यांचा आवाज मैदानावरचाच आहे अजून: "उभा काय राहतोस, गुडघा दुखेल. बस." झेफेरिनो उजवा पाय लांब करून शेजारी बसला आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात घेतलं. "तसं नाही धरायचं," मिस्टर म्हणाले.

माझ्याकडे त्याने बघितलं नाही. अजून बोललेला नाही. दुपारी नोटरीने विचारलं, घराला काही अट घालायची आहे का. पुष्कळ जण घालतात म्हणाला. मी म्हटलं, नाही. कलम १ मधली वाचायची अट पूर्ण झाली आहे. आता झेफेरिनो माझ्याशी बोलला तरी घर त्याचं, नाही बोलला तरी त्याचं.

हे सगळं माझ्या हाताने लिहिलं, नोटरीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि खाली नाव घातलं.

एर्मेलिंदा काशादा

साक्षीदार:
१. बाल्तासार कोव्हेलो, वय एकाहत्तर, जाळी दुरुस्त करणारा. (मी म्हटलं, आधीचं काम पण लिहा. मग लिहिलं: पूर्वी कोच.)
२. आबिलियो सेइशास, वय एकोणचाळीस, पाववाला.

आफुरादा, १८ मार्च २०१९