सांध्यावरची माती

वस्तीवर, आटपाडी
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. क्रांती,

तुझ्या आबांचा आशीर्वाद. मी दोन्ही वेळा जेवतो, म्हैस बरी आहे, गारठा यंदा लवकर उतरला. शिरवळला कंपनीची गाडी पहाटेच येते, तेव्हा कानाला रुमाल बांधत जा. मल्हारला यंदा कुठल्या कविता आहेत? तीस वर्षं शाळेची घंटा देता देता मी खिडकीबाहेर उभा राहून पहिली ते सातवीच्या कविता पाठ केल्या. आतली पोरं विसरली असतील, शिपाई विसरला नाही.

पत्रास कारण सफरचंद.

घरामागच्या पट्ट्यात सफरचंदाची दोन कलमं लावावी म्हणतो. लागणीला हेच थंडीचे दिवस चांगले, म्हणून घाई. पण जात ठरत नाही. इलाहीकडे आष्ट्याला तीन-चार खेपा झाल्या. मामाकडे शिकायला होतो तेव्हाचा माझा बाकावरचा जोडीदार तो. आता परसात सफरचंद पिकवतो. त्याच्याकडं तीन जाती आहेत. एक हरमन नव्याण्णव, हिमाचलातली पण उन्हाला न भिणारी. चिवट, गोड, जरा मऊ. दुसरी डॉर्सेट गोल्डन, पिवळी, नुसती गोड. तिसरी ॲना, लालसर, कुरकुरीत, शेवटी जिभेवर आंबटपणा ठेवून जाणारी.

जूनमध्ये त्याच्या सुनेनं, महेजबीननं, तिन्हींच्या फोडी ताटलीत मांडून दिल्या होत्या. ॲनाची फोड मोडल्याचा आवाज झाला आणि तुझी आई आठवली. पिठूळ सफरचंद तिनं कधी गिळलं नाही. "ह्यो बटाटा कुणी आणला?" म्हणायची.

महेजबीन म्हणाली, "चाचा, चव बघून भुलू नका. खालचा खुंट कसला हाय ते आधी विचारा. चव वरच्या जातीची, पण जगवतंय खुंट." पोरगी मोजकं बोलते, पण नेमकं. शिवाय ॲनाला एकटीला फळ नीट धरत नाही, जोडीला दुसरी जात लागते. यावर मी काही लिहीत नाही, नाहीतर तू म्हणशील, आबांना पुन्हा कविता सुचली.

आता तू विचारशील, एक झाड असताना दुसऱ्याची एवढी घाई कशाला. तीन दिवस हे पत्र इथंच अडत होतं. दोन कागद चुलीत गेले.

ते झाड नाही, क्रांती. भाद्रपदात गेलं.

सावडायच्या दिवशी तू म्हणत होतीस, आईची रक्षा माहुलीच्या संगमावर सोडू, आजी-आजोबांची तिथंच सोडली. मी ऐकलं नाही. हल्ली गावोगाव रक्षेवर झाड लावतात, ते माझ्या मनात भरलं होतं. तुझी आई पुन्हा फुलेल, फळेल, असलं काहीबाही मी चार माणसांत बोललो. तू डोळे पुसून म्हणालीस, "लावा. पण जगवायचं तुमी." तुझं हे वाक्य माझ्याजवळ वर्षभर बसून आहे.

जगवायचं म्हणून मी काय केलं ते ऐक. कलम आणलं बाजारात गाडीवरून, चित्रातलं सगळ्यात लालभडक फळ बघून. ती डोंगराळ, बर्फातली जात निघाली, आपल्या उन्हात तिला नीट जागच आली नाही. मी मात्र रोज तांब्याभर पाणी घालायचो. तुझी मंगलमावशी दर अमावास्येला यायची आणि वाटीभर दूध ओतायची. मी नको म्हणालो नाही. आणि त्या कलमाचा सांधा, वरची जात खालच्या खुंटाला जोडतात तो. बुडापासून वीतभर वर तो फुगीर सांधा होता, साल चिरल्यासारखी. मला ते उघडं बघवेना. मी मातीची ओंजळ-ओंजळ टाकून तो पुरता झाकला.

झाड गेल्यावर आष्ट्याला जाऊन इलाहीला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"सांधा का झाकलास?"

"उघडा दिसत हुता."

"आक्या, त्यो सांधा हाय, दुखणं न्हवं. त्यावर माती आली की बुंधा कुजतो. वर रोज पाणी, त्यात दूध. लय माया केलीस गड्या, मुळास्नी दम घिऊ दिला न्हाईस."

उपटलं तेव्हा काही जोर लागला नाही. हातात आलं.

आणि दसऱ्याला तुला मोबाईलवर पाठवलेला फोटो इलाहीच्या झाडाचा होता. तू त्याखाली लिहिलंस, "आई उंच झाली." मागं निळी भिंत कुठली म्हणून विचारलंस, तर मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीला रंग दिला म्हणालो. आपल्या खोलीला अजून गिलावासुद्धा नाही. दिवाळीला दुसरा फोटो पाठवला, त्यात भिंत येऊ नये म्हणून मी उकिडवा बसलो होतो आणि इलाही बघत होता. परत येताना एसटीत तिकीट काढायचं विसरलो, कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

पुढच्या महिन्यात, पौषात, वर्षश्राद्ध आहे. तू येशील, मल्हार येईल, दोघं आधी झाडाकडं जाल. रोज पहाटे मला हेच दिसतं. खरं सांगतो, आधी मनात होतं की मोठं कलम आणून गुपचूप त्याच जागी लावावं. म्हणूनच जातीची एवढी चौकशी. इलाहीला विचारलं तर तो म्हणाला, "त्याच खड्ड्यात लावू नगं, रोग मातीत बसलाय. ती माती काढ आन् लांब टाकून दे, मग नवी भर."

लांब टाकून दे. क्रांती, ती माती म्हणजे कोण आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. बोलून गेल्यावर त्यानं माझा हात धरला, पण शब्द सुटला होता. त्या दिवसापासून खड्ड्याभोवती मी बाभळीचे काटे लावले आहेत, म्हैस जाऊ नये म्हणून.

तेव्हा असं कर. पौषाची वाट बघू नकोस, पुढच्या रविवारी, बावीस तारखेला ये. मी एकट्यानं त्या खड्ड्याला फावडं लावणार नाही. आपण दोघं मिळून माती काढू, स्वच्छ पोत्यात भरू आणि तू म्हणाली होतीस तशी माहुलीला नेऊ. ॲना आणि डॉर्सेट इलाहीनं चिवट खुंटावरची बघून ठेवली आहेत. ती त्याच पट्ट्यात, पण विहिरीकडच्या नव्या जागी लावू, नुसती झाडं म्हणून. सांधे जमिनीच्या वर ठेवीन. दूध नाही, कविता नाही. तुला तेही नको असेल तर कलमं आष्ट्यातच राहतील.

रागव. पण फोन करू नकोस. तू "झाड कसंय?" विचारलंस की माझ्या तोंडून आपसूक "बरं हाय" निघतं. इतके महिने तेच निघालं. म्हणून कागदावर लिहिलं. रविवारी पहिल्या एसटीपासून फाट्यावर उभा असेन.

तुझ्या आईला जगवू न शकलेला,
आबा