स्टेपनीखालच्या साखळ्या

प्रिय दादा,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. तुझी गाडी तयार आहे, ही बातमी आधी देते, नाहीतर पुढचं काही तू वाचायचाच नाहीस. मंगळवारी वहिनी ती वर्कशॉपच्या दारात लावून गेली. नवीन फायबरची बोट घेतलीस, रविवारी मित्रांना तलावावर मिरवायचंय आणि गाडीला ट्रेलरचे हुक बसवणारे बाकीचे सगळे तीन आठवडे थांबा म्हणतात, म्हणून तुला धाकट्या बहिणीची आठवण झाली. निरोप काय, तर मागचा हुक तपास, नवीन ट्रेलरला जुळवून दे, आणि बाबांना कळू देऊ नकोस. वा रे वा! तीन वर्षांत या दारात पाऊल टाकलं नाहीस आणि तोरा मात्र तोच.

काम चोख झालंय. ट्रेलरसकट बोटीचं वजन तुझ्या एसयूव्हीला झेपतं, पण जेमतेम. म्हणजे बोटीत पेट्रोलचे डबे, बर्फाची पेटी आणि मित्रांचं सामान कोंबायचं नाही. ते गाडीत ठेवायचं नाहीतर मित्रांच्या डोक्यावर. वजनाचा दहावा हिस्सा पुढे, हुकवर आला पाहिजे. सगळा भार मागे गेला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग तुझी गाडी तू चालवत नसतोस, बोट चालवत असते. तसं झालंच तर घाबरून ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग सरळ धर आणि पाय हळूच उचल. उतारावर खालचा गिअर. दहा किलोमीटरवर थांबून सगळं पुन्हा हाताने चाचपायचं. हे सगळं मागच्या वेळीही मी सांगितलं होतं. तेव्हा तू फोनवर होतास.

मागची वेळ आठवते ना? बाबांची होडी. मागच्या अंगणात नऊ वर्षं खपून त्यांनी ती बांधली, एकेक फळी स्वतः वाकवली. पाण्यात न्यायचा दिवस आला तेव्हा ट्रेलर मी बनवला, त्याच्या पुढचा दांडा मी जोडला, दांड्याच्या टोकाचा कप ज्यावर बसतो तो बॉल आणि हुकही तुझ्या गाडीला मीच बसवला, आणि कप सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवायला दोन साखळ्या पिशवीत बांधून दिल्या. बाबा ऐटीत तुझ्या शेजारी बसले. धरणाच्या उतारावर त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर त्यांचीच होडी तुमच्या गाडीला मागे टाकून निघाली होती. पुलाच्या कठड्यावर आपटून तिचे दोन तुकडे झाले. मी पोचले तेव्हा बाबा त्या फळ्या मांडीवर घेऊन बसलेले आणि तू गाडीमागे उभा राहून चार माणसांना दाखवत होतास, की बघा, दांडा वेल्डिंगमध्येच तुटला. तुटलेला पुढचा तुकडा हुकच्या बॉलवर बसलेला होता. साखळ्याही तकलादू निघाल्या, तुटून कुठेतरी पडल्या, असं म्हणालास. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, जाऊ दे गं, होतात चुका. दादा, मी त्या हाताबद्दल तुझे आभार मानले होते!

मी ते खरं मानलं. तीन वर्षं मी माझ्याच हाताला शिव्या घातल्या. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी हातोडी घेतली. रोज संध्याकाळी काम थांबलं की ते येतात आणि मी दिवसभरात केलेला प्रत्येक जोड ठोकून बघतात, टण टण टण, कान लावून. ज्यांनी मला वेल्डिंग शिकवलं, मी अकरा वर्षांची असताना मला ठिणगी म्हणून हाक मारायला सुरुवात केली, माझं काम पाहायची गरज नाही असं जे गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगायचे, ते. गिऱ्हाइकं ती टणटण ऐकतात आणि हळूच दुसरीकडे जातात. पण त्याचं मला एवढं नाही. बाबांचा कान माझ्या जोडाला लागलेला बघवत नाही, बस्स.

तर मंगळवारी मी तुझ्या डिकीचा तळ उचलला. हुकचे बोल्ट तिथूनच कसायचे असतात. स्टेपनी बाहेर काढली आणि खाली एक पिशवी दिसली. माझी पिशवी. तारेने मारलेली माझी गाठ, तश्शीच. आत दोन्ही साखळ्या, कोऱ्या करकरीत. तुटून पडलेल्या साखळ्या, दादा! गाडीच्या नव्या बंपरला ओरखडे येतील म्हणून तू त्या लावल्याच नव्हत्यास. आणि पिशवीच्या शेजारी एक चकचकीत क्रोमचा बॉल. माझा काळा, ग्रीस लावलेला बॉल तुझ्या पांढऱ्या पँटला लागायचा, हो ना? म्हणून दुकानात दिसायला छान मिळाला तो आणून चढवलास. मी मापून पाहिला. माझ्या बॉलपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर लहान. लहान बॉलवर मोठा कप बसतो, खटका पडतो, सगळं ठीक वाटतं, आणि रस्त्यावर एक दणका बसला की कप उडून बाहेर. त्या क्रोमवर वरच्या बाजूने कप घसरल्याचा लांब ओरखडा आहे. दांडा तुटला, पण कठड्यावर आपटल्यावर तुटला. आणि बाबा फळ्या गोळा करत होते तेव्हा तू पाना घेऊन क्रोमचा बॉल काढून माझा चढवत होतास. मग तुटलेल्या दांड्याचा तो तुकडा उचलून आणलास आणि माझ्या बॉलवर नेऊन बसवलास. किती शांत डोक्याने केलंस रे!

वहिनीला बोलावून दाखवलं.  होडी फुटली त्या दिवशी तुझ्या पँटला काळं ग्रीस लागलं होतं आणि ते कसं लागलं म्हटल्यावर तू तिच्यावर खेकसला होतास, हे तिला लख्ख आठवलं.

खरं सांगू? तासभर तो क्रोमचा बॉल हातात घेऊन बसले होते. वाटलं, हाच पुन्हा चढवावा आणि हसत हसत तुला रवाना करावं. होऊ दे एकदाचं. पण रस्त्यावर इतरांची लेकरं चालतात. आणि तुला काही झालं तर कबूल कोण करणार? मला तू धडधाकट हवा आहेस, दोन पायांवर उभा, चार माणसांदेखत. म्हणून हुकवर माझा काळा बॉलच ठेवलाय. त्याला इतकं ग्रीस फासलंय की तुझी पँट वाचणार नाही. साखळ्या दांड्याखालून फुली मारून अडकवायच्या आणि त्या बंपरला घासणारच.

पत्र लिहायला मला बाबांनी सांगितलं. काल संध्याकाळी ते हातोडी घेऊन आले तेव्हा मी पिशवी आणि क्रोमचा बॉल त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी बॉल मापला, गाठ पाहिली, पुन्हा बॉल मापला. मग त्यांनी मला जवळ घेतलं. इतके रडले दादा, की माझ्याच्याने ते पाहवेना, आणि तेवढ्यासाठी मी तुला जन्मात माफ करणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी एकही जोड ठोकला नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंय, वहिनी ते तुझ्या हातात देईल. रविवारी सकाळी नऊला ये. त्या दिवशी पुलावर तू ज्या चौघांना माझं वेल्डिंग दाखवलंस, त्यांनाही बोलावलंय. गाडीची किल्ली माझ्याकडे मागू नकोस. ती बाबांच्या खिशात आहे. ते दारात खुर्ची टाकून बसणार आहेत आणि हातोडी त्यांच्या मांडीवर असेल.

तुझीच,
ठिणगी