अजगराविरुद्ध तक्रार

सोमवार, ८ जुलै

आजही गिळलं! नाणी आत, बिस्किटंही आतच. पुडा पुढे सरकत आला, काचेपाशी लटकला आणि थांबला. मी बुक्की मारली. हात माझाच दुखला.

कॅन्टीन बंद करून साहेबांनी हे मशीन आणलं, तेव्हा फीत काय कापली, टाळ्या काय वाजवल्या! आता सगळे त्याला अजगर म्हणतात. पाणी तपासणारी आमची प्रयोगशाळा गावाबाहेर, आजूबाजूला नुसती गोदामं. डबा विसरला की उपासच.

बुधवार, १० जुलै

नमुने घेण्याच्या खिडकीवरच्या बाईंना साखरेचा त्रास आहे. दुपारी म्हणाल्या, "गरगरतंय गं," आणि मशीनकडे गेल्या. अजगराने पैसे घेतले, रसाचा डबा मध्येच अडकवला. बाई भिंतीला टेकत खाली बसल्या. चेहरा पांढराफटक!

आम्ही सगळे नुसते "पंखा लावा, बाजूला व्हा" करत उभे. धावले ते मौनीबाबा. माझ्या शेजारच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक घेऊन बसतात, बोलताना अडखळतात म्हणून फारसं बोलतच नाहीत, म्हणून हे नाव. त्यांनी साखरपाणी केलं, घोट घोट पाजलं, मग स्वतःच्या डब्यातलं केळं भरवलं. थोड्या वेळाने बाई उठून आम्हालाच धीर द्यायला लागल्या.

मौनीबाबा मात्र मशीनसमोर जाऊन उभे. त्यावरचा तक्रारीचा नंबर वाचत होते. म्हणाले, "मी फो... फोन करतो."

फोन! हे? 

गुरुवार, ११ जुलै

त्या नंबरावर माणूसच नाही! आधीच भरून ठेवलेला एका बाईचा आवाज. "आपलं काम एका शब्दात सांगा." आणि 'त' हे अक्षर नेमकं मौनीबाबांचा वैरी. त... त... इतक्यात बाई म्हणते, "क्षमस्व, समजलं नाही." फोन बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मला राहवेना. "द्या इकडे, मी बोलते."

"नको."

"तक्रार म्हणायचंय ना तुम्हाला? मी म्हणते की!"

त्यांनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "श... शब्द माझा आहे. मला म्हणू द्या."

चिडले नव्हते. पण माझे कान गरम झाले.

शुक्रवार, १२ जुलै

नाहीच लागला.

सोमवार, १५ जुलै

चहाच्या सुट्टीत पुन्हा फोन. साहेब शेजारून जाताना म्हणाले, "अहो, तुम्ही बोलेपर्यंत मशीनला गंज चढेल!" खोली खो खो हसली. मला वाटलं, आता हे उठून जाणार. कोण बसेल? तर तेही हसले — अगदी मनापासून — आणि परत नंबर फिरवला!

कसला माणूस आहे हा! मला कॉलेजात कुणी तरी "आवाज घोगरा आहे" म्हणालं, त्यानंतर मी चारचौघांत एक ओळ गायलेली नाही. एका वाक्याने माझं गाणं संपलं. आणि यांना फोनवरचं ते यंत्र रोज तोंडावर सांगतंय, तुमचं बोलणं समजलं नाही म्हणून. हे म्हणतात, बरं, परत सांगतो.

जेवताना वहिनी म्हणाली, "आज परत मौनीबाबाच का?"

"अगं, मशीनबद्दल सांगतेय मी."

"हो हो, मशीनबद्दल." दादाच्या ताटात भाजी वाढताना तिचं तोंड बघण्यासारखं होतं. चाळिशी उलटलेल्या नणंदेची थट्टा करते!

गुरुवार, १८ जुलै

लागला! लागला!

'तक्रार' हा शब्द त्यांनी आज लांबवत, जवळजवळ सुरात म्हटला. पलीकडे खरीखुरी मुलगी आली. बाईंना ऐकता यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला. दोन शब्द झाले नाहीत तोवर ती मुलगी म्हणते, "सर, तुमचा आवाज तुटतोय, नंतर फोन करा."

"आवाज तुटत नाहीये. मी अ... अडखळतो. फोन ठेवू नका. मला पूर्ण सांगायचंय."

मग ती म्हणाली, "सांगा सर. मी ऐकतेय."

आणि त्यांनी सांगितलं. बाई कशा कोसळल्या, रस काचेआड कसा दिसत होता आणि हाती येत नव्हता, इथे दुसरं काही मिळतच नाही — सगळं. एकही शब्द सोपा करून घेतला नाही. घाम पुसत होते, पण थांबले नाहीत. बाई पदराने डोळे टिपत होत्या. साहेब दारात उभे होते. आले तसे परत गेले.

माझं टायपिंग राहिलं ते राहिलंच.

बुधवार, २४ जुलै

अजगर गेला! कंपनीची दोन माणसं आली, त्याला आडवा करून टेम्पोत घातला. नव्या मशीनवर नंबरही नवा — फोन थेट माणूसच उचलतो. पहिला मान बाईंना. डबा धप्पकन खाली पडला आणि काय टाळ्या!

साहेब मौनीबाबांपाशी येऊन म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो, ते चुकलंच माझं." सगळ्यांसमोर! मौनीबाबा म्हणाले, "ग... गंज चढायच्या आत झालं ना, साहेब." या वेळी साहेबच सगळ्यांत जास्त हसले.

आता त्यांना मौनीबाबा म्हणायला जीभ धजत नाही.

रविवार, २८ जुलै

काल जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "उद्या तुमच्या घरी येऊ का? दादा-व... वहिनींशी बोलायचंय." मी हो म्हटलं. रात्रभर टक्क जागी.

सकाळी वहिनीला सांगितलं, संध्याकाळी एकजण येणार आहेत.

"कोण गं?"

साधं नाव सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं आणि अडलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडलं.

वहिनीने गॅस बारीक केला, हात पुसले आणि माझ्यासमोर वाट बघत उभी राहिली.